शिसवीचा आवाज

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

बावीस वर्षांनी ओंडका खाली उतरवला. भांडुपचा गाळा भाड्याने दिला तेव्हाच भाडेकरूला बजावलं होतं, गाळा तुझा, पोटमाळा माझा. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याने वर सोनं लपवलंय. सोनंच आहे. शिसवी, बारा फूट, सरळसोट, एक गाठ नाही. २००३ मध्ये वखारीतून पावतीसकट घेतला, दोन्ही टोकांना मेण फासलं आणि सावलीत झोपवला. शिसवी लाकूड घाईने वाळवलं की तडकतं. माझा मुलगा नितेश तेव्हा कॉलेजात होता, आता त्याची पोरगी दीप्ती दहावीत आहे.

इतकी गिऱ्हाइकं आली. कोणाला देव्हारा हवा, कोणाला पलंग. कोणालाच दिला नाही. बायको, मालन, म्हणायची, "जाताना वांगडा न्हेतलात काय ह्यो ओंडको?" म्हणजे मरताना सोबत नेणार का. कशासाठी ठेवलाय ते मलाही धड सांगता यायचं नाही.

आता कळलं. दीप्तीच्या व्यायामशाळेतला जुना सागवानी मल्लखांब जमिनीलगत कुजला. एकतीस वर्षं चालला, नाव ठेवायला जागा नाही, पण खालच्या बाजूला गाभ्याबाहेरचा पांढरा भाग राहून गेला होता, तो वाळवीने खाल्ला. २८ डिसेंबरला जोगेश्वरीला निवड चाचणी आहे. संघात सहा मुली घेणार. सोळा वर्षांखालच्या गटात दीप्तीचं हे शेवटचं वर्ष. पोरगी सात वर्षांची असल्यापासून पहाटे उठून खांबावर चढतेय. खांबच नाही तर सराव कसला? सेक्रेटरी नंदकिशोररावांना म्हटलं, खांब मी देतो, शिसवीचा देतो. त्यांनी मला मिठीच मारली.

ओंडका वाजवून बघितला नाही. २००३ ला वाजवून घेतलाय, देवळातल्या घंटेसारखा वाजला होता. एकदा पारखलेलं पुन्हा काय पारखायचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पाच दिवस गाळ्यातल्या मोठ्या लेथवर उभा होतो. कंबरेची वाट लागली, पण मन एकदम झकास. वरची फिकट साल निघाली आणि आतून जांभळट तपकिरी रंग, काळ्या रेघा. पटाशीची धार दर तासाला जात होती. शिसवी असंच, लोखंडाला दमवतं. म्हणून तर पूर्वी गाडीची चाकं, नांगर याचे करायचे. भुसा उडाला की गोडसर वास येतो, तो वास नाकात घेऊन घरी आलो तर मालन म्हणाली, अत्तर लावलंत की काय.

खाली जाड अंग, वर निमुळता होत गेलेला, मग मान, मग टोकाला गोल बोंड. साडेआठ फूट वर राहील, बाकी जमिनीत. पॉलिश लागत नाही. एरंडेल चोळलं आणि तो चमकायला लागला. आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नाही. उगाच नम्रपणा कशाला, नाहीच केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज खांब पुरला. नारळ फोडला. आणि मग ती वेळ आली, जिची मी इतके दिवस वाट बघत होतो.

आमच्यात रीत आहे. नव्या खांबावर पहिला खेळाडू चढायच्या आधी तो करणाऱ्या मिस्त्रीने लाकडी मोगरीने तीन ठोके मारायचे. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं. आत चीर असेल, पोकळी असेल, तर बद्द. माझे गुरू धोंडू मिस्त्री म्हणायचे, डोळा फसेल, नाक फसेल, कान फसत नाही.

पहिला ठोका मारला. बद्द. मला वाटलं मोगरी नीट बसली नाही. दुसरा मारला. बद्द. तिसरा मारायचा धीर होईना, पण सगळे बघत होते. मारला. ओल्या पोत्यावर मारावा तसा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भली माणसं, त्यांना काय कळतंय. नंदकिशोरराव तर म्हणाले, "वा काका, अंगावर काटा आला!" माझ्याही आला होता, पण वेगळ्या कारणाने. दीप्ती सरसर वर चढली, बोंडावर हात टेकवून उलटी उभी राहिली आणि मी खाली उभा राहून रामाचं नाव घेत होतो.

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी कोणी नसताना गेलो. वॉचमनला सांगितलं, तेल लावायचंय. खालपासून वरपर्यंत हाताच्या अंतरावर वाजवत गेलो. सगळीकडे बद्द, आणि छातीच्या उंचीला तर जास्तच. गंमत म्हणजे डावा तळवा लाकडावर टेकवला होता, त्यात प्रत्येक ठोक्याला झिणझिण्या येत होत्या, चांगल्या लाकडाला येतात तशा. पण हात काही कान नाही.

शिसवीचं एक वाईट आहे. म्हातारं झाड बाहेरून टणक दिसतं आणि आतून कुजलेलं असतं. मी ओंडक्याची टोकं बघितली होती, ती साफ होती. पण मधे? बारा फुटांच्या मधे काय आहे ते कोणी बघितलंय?

घरी आलो तर वेगळंच रामायण. मालन शेजारी गेली होती, मला सांगून गेली होती म्हणे, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. एकही शिट्टी झाली नाही, मी कसा बंद करणार? डाळ जळून कोळसा. "वास नाय इलो तुमका, शिट्टी नाय ऐकूक इली?" म्हणून ओरडली. कुकरची रिंग खराब झाली असणार. उद्या नवीन आणतो.

४ डिसेंबर, गुरुवार

झोप लागत नाही. डास नाहीत यंदा, एक गुणगुण ऐकली नाही, तरी सकाळी हातापायांवर लाल गांध्या. काहीतरी दुसराच किडा असावा.

प्रीतमची आठवण येते. १९९८ साली मी एक सागवानी खांब दिला होता, ठाण्याच्या बाजूला. लाकूड घेताना मला आवाज किंचित बसका वाटला होता. वखारवाला म्हणाला, "वाजतोय की मिस्त्री, ऐका ना!" मीही म्हटलं, वाजत असेल. सहा महिन्यांनी मानेत चीर गेली. प्रीतम तेरा वर्षांचा होता, वरून खाली आला. मनगट पुन्हा सरळ झालं नाही त्याचं. आता तो चाळिशीचा असेल. मी हॉस्पिटलात जायचो तेव्हा त्याची आई नुसती स्टूल पुढे सरकवायची. तेव्हा ठरवलं, यापुढे दुसऱ्याच्या कानाने लाकूड घ्यायचं नाही. कुणी कितीही सांगो.

दीप्तीला आज सहज विचारलं, खांब कसा वाटतो गं? म्हणाली, "एकदम भारी आजोबा! पकड काय बसते! आणि वाजतो पण मस्त, उडी मारून पकडला ना की टण्ण करतो."

पोरीला चाचणी दिसतेय समोर. तिला सगळंच मस्त वाजणार.

संध्याकाळी भजनाला गेलो, मन रमेल म्हणून. बुवांनी नव्या झांजा आणल्यात. अगदी टाकाऊ, पत्र्याचे डबे बरे. मी तोंडावर सांगितलं तर बुवा म्हणतात, "दशरथ, जुन्याच आहेत रे." म्हातारपणी खोटं बोलायला लागले बुवा.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगून टाकलं. राहवेना. सकाळी कोच शुभाताई आणि नंदकिशोरराव दोघे होते, त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, खांबात दोष आहे, मुलींना चढवू नका.

शुभाताईंचा चेहराच उतरला. "काका, एकोणीस दिवस राहिलेत! दोष म्हणजे काय? चीर दिसतेय का?"

म्हटलं, दिसत नाही, ऐकू येते.

नंदकिशोररावांनी मोगरी घेतली आणि दोन ठोके मारले. "मला तर चांगला वाटतोय हो. शुभा, तुला?" त्याही म्हणाल्या, चांगलाच वाजतोय.

मला संताप आला. नंदकिशोरराव पस्तीस वर्षं बँकेत नोटा मोजत बसले, त्यांना पाट काय आणि पोळपाट काय, सगळं सारखंच. शुभाताई उत्तम शिकवतात, पण लाकूड त्यांचा विषय नाही. मी म्हटलं, "तुमच्या ऐकण्याला काय अर्थ आहे? चाळीस वर्षं मी लाकूड वाजवतोय!" जरा मोठ्यानेच बोललो असेन, मुली वळून बघायला लागल्या. हल्ली सगळे मला म्हणतात, ओरडू नका. मी कुठे ओरडतो?

शेवटी ठरलं की कमिटीपुढे ठेवू. तोपर्यंत सराव चालू. म्हणजे माझा शब्द गेला कचऱ्यात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गंधाली पडली.

मी तिथेच होतो. हल्ली रोज जाऊन बसतो, नजर खांबावरून हलवत नाही. ती मानेपाशी पायाची पकड घेऊन उलटी लोंबत होती आणि अचानक सुटली. गाद्या होत्या म्हणून निभावलं. हात मुरगळलाय, हाड शाबूत आहे. बारा वर्षांची पोर, ओठ चावून रडू दाबत होती. मला समोर प्रीतमच दिसला. खालीच बसलो.

शुभाताई म्हणाल्या, खांबाला एरंडेल जास्त झालंय, घसरली. तेल मीच लावलं होतं काल, हे खरं. पण मी बघितलं ना, ती सुटली तेव्हा खांब थरथरला. चांगला खांब असा थरथरतो का? आता मला नीट आठवत नाही. थरथरतो बहुतेक. पण आज मला तो थरथरणारा नको होता.

घरी दीप्तीला म्हटलं, उद्यापासून तू चढायचं नाही. ती ताटावरून उठली. "आजोबा, सोळा दिवस आहेत! तुम्ही सगळ्यांना काय घाबरवत सुटलाय? काही नाही झालंय खांबाला!" नितेशही तिच्या बाजूने. "बाबा, तुम्ही जरा एकदा डॉक्टरला..." पुढचं पुटपुटला. या घरात हल्ली कोणी तोंड उघडून बोलतच नाही. प्रेशर बघून घ्या म्हणत असेल.

१३ डिसेंबर, शनिवार

कमिटीत माझं ऐकून घेतलं. चहा दिला, बिस्किटं दिली, मान दिला. आणि ठराव केला की सराव चालू ठेवावा, तेल कमी लावावं.

मी विचारलं, एखादी पोर मान मोडून पडली तर? कोणीतरी हळूच काहीतरी बोललं आणि दोघे हसले. मला ऐकू आलं नाही, पण हसलेलं दिसलं.

दोनच रस्ते आहेत. गप्प बसलो तर कदाचित काही होणार नाही, दीप्ती चाचणी देईल, मी नावाजला जाईन, आणि कदाचित एक दिवस खांब मोडेल. किंवा मी खांब कापून आतलं काढून दाखवतो. मग माझं नाव जाईल, बावीस वर्षांचा ओंडका जाईल. दीप्तीचा सराव जाईल. पण पोरी शाबूत राहतील. आत बारीक भोक पाडून भुसा बघता येईल हेही मनात आलं. पण भोक पडलेल्या खांबावर कोणाला चढू देणार, आणि नेमकं चांगल्याच जागी भोक पडलं तर हे लोक म्हणणार, बघा, काही नाही.

दीप्ती आयुष्यभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. मनगट वाकडं झालेलं नको.

१४ डिसेंबर, रविवार

पावणेसहाला गेलो. रविवारी वर्ग सातला. वॉचमन ओळखीचा, त्याने फाटक उघडलं. मोठी करवत नेली होती, परवाच धार लावलेली.

छातीच्या उंचीला धरली. पहिली ओढ देताना हात थांबला. लाकडाला नमस्कार केला. मग सुरू केलं. शिसवी सहजासहजी कापू देत नाही. घामाने सदरा अंगाला चिकटला, दोनदा बसलो, पुन्हा उठलो. तो गोड वास येत होता आणि मी मूर्खासारखा रडत होतो.

साडेसहा होऊन गेले तेव्हा वरचा भाग कलला. गाद्या काढून ठेवल्या होत्या, तो सरळ फरशीवर गेला. मला पोतं पडल्यासारखं वाटलं. पण समोरच्या इमारतीत धडाधड खिडक्या उघडल्या. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण बनियनवर गॅलरीत येऊन हातवारे करायला लागला. वॉचमन धावत आला. एवढं काय झालं लोकांना ते कळेना.

मी बुंध्याकडे बघितलं.

साफ. एक चीर नाही, एक टाचणीएवढं भोक नाही. काळा, जांभळा, तपकिरी, वर्तुळावर वर्तुळं, मधल्या ठिपक्यापर्यंत भरीव. इतकं निरोगी शिसवी मी जन्मात बघितलं नाही. बोट फिरवलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पडलेल्या तुकड्याचंही तोंड बघितलं. तेच.

दीप्ती आणि शुभाताई फाटकातून आल्या. शुभाताईंनी तोंडावर हात ठेवला. दीप्ती धावत आली, खांबाकडे बघितलं, माझ्या हातातल्या करवतीकडे बघितलं. "काय केलंत आजोबा! काय केलंत हे!" तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. मी म्हटलं, "अगं पण तो बद्द वाजत होता."

तिने मोगरी उचलली आणि रागाने, जोर लावून बुंध्यावर हाणली. "हे बद्द आहे? हे?" पुन्हा हाणली. "ऐका ना, कसा वाजतोय!"

मी म्हटलं, "कुठे वाजतोय?"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. राग होता तो एकदम कुठेतरी गेला आणि पोरगी घाबरली. मोगरी खाली ठेवली, माझ्या अगदी जवळ आली आणि माझ्या मागे जाऊन काहीतरी केलं. मग समोर येऊन विचारलं, "आत्ता मी काय केलं?"

म्हटलं, काय केलंस?

"टाळी वाजवली आजोबा. तुमच्या कानाशी."

१५ डिसेंबर, सोमवार

काही लिहायचं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

नितेश कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. एका बंद पेटीत बसवलं, कानांवर डबे लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. सुरुवातीला आले चार-पाच, जाडे जाडे. मग बराच वेळ काहीच नाही. काचेतून तपासणाऱ्या मुलीला हातानेच विचारलं, पुढचं कधी सुरू करणार? तिने दार उघडलं आणि म्हणाली, "काका, संपलं."

कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे जरा बरी, मग घसरगुंडी. म्हणाली, जाडे आवाज येतात, म्हणून माणसं बोलतात ते थोडंफार कळतं. बारीक, उंच आवाज गेलेत. आजचे नाहीत, पाच-सहा वर्षं तरी झाली. "यंत्रावर काम करायचात का?"

चाळीस वर्षं लेथवर. कानात कधी कापूस घातला नाही, लाकडाचा आवाज ऐकू आला पाहिजे म्हणून.

शिट्टी, डास, झांजा. मालनला सांगितलं, बुवांची माफी मागायला हवी. ती म्हणाली, "माजी मागा आधी. तुमका हाका मारून माझो घसो सुकलो." हसली आणि मग डोळ्याला पदर लावला. मी पण रडलो. लाज कसली आता.

चांगल्या लाकडाला मी कुजकं म्हटलं. बावीस वर्षं ज्याला सांभाळलं त्यालाच. शेवटी हात खरं सांगत होता, झिणझिण्या येत होत्या, आणि मी हातावरही विश्वास ठेवला नाही. प्रीतमच्या वेळी दुसऱ्याचं ऐकलं म्हणून चुकलो. या वेळी कोणाचंच ऐकलं नाही म्हणून चुकलो.

मुली नाहूरच्या व्यायामशाळेत जातायत सरावाला. तिथे रोज अर्धा तास मिळतो, तोही वीसजणींत.

२८ डिसेंबर, रविवार

जोगेश्वरीला गेलो. दीप्तीने येऊ नका म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. मागच्या रांगेत बसलो.

चांगली केली पोरीने. चढण स्वच्छ, तोल सुरेख. पण बोंडावरून हात सोडून पाठीमागे वळायचं होतं तिथे अर्धं पाऊल चुकल्यासारखी थबकली. हा तिचा नवा डाव, तो पक्का व्हायला रोजचा खांब लागतो. थबकली आणि सावरली, पण पंचांच्या पेन्सिली हलल्या.

सातवी आली. सहा घेतल्या.

गंधाली हाताला पट्टी बांधून बघायला आली होती. ती येऊन माझ्या पाया पडली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. नंदकिशोरराव म्हणाले, "होतं काका." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ जानेवारी २०२६, शनिवार

कानाची यंत्रं पुढच्या आठवड्यात येणार.

दीप्ती सावरली, देवाची कृपा. शाळेतून येते, जेवते, आतल्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसते. दहावीचं वर्ष आहे ना. त्या खोलीची भिंत माझ्या पलंगाला लागून आहे, पण हूं नाही की चूं नाही. मला वाटलं होतं, पोरगी महिनाभर रडेल. कणखर आहे, माझ्यावर गेलीय.

खांबाचा वरचा तुकडा नितेशने टेम्पोतून आणून गॅलरीत उभा केलाय, मान आणि बोंडासकट साडेचार फूट. म्हणाला, कुठे टाकणार बाबा. मी तिकडे जात नाही. त्यातून आता काय होणार, पोळपाट आणि लाटणी. फार तर साखळी लावून लहान पोरांसाठी टांगता मल्लखांब होईल. पण हात लावायची हिंमत होत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

यंत्रं आली. शेंगदाण्याएवढी. नितेशने कानांमागे बसवली, मोबाइलवर काहीतरी केलं आणि एकदम जगाने अंगावर धाव घेतली. पंखा कुरकुरतो, आम्हाला कधी कळलंच नव्हतं. म्हणजे मला. पानं उलटताना ही डायरी वाजते. मालनच्या बांगड्या वाजतात. तिचा आवाज पाच-सहा वर्षं मला पाण्याखालून आल्यासारखा यायचा, तो आज नवरी होती तेव्हाचा ऐकला. तसंच सांगितलं तर "चला, कायतरीच" म्हणाली आणि लाजून आत गेली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी दचकून उभा राहिलो. रिंग उगाच बदलली.

दुपारी नितेश कामावर गेला. दीप्ती शाळेतून आली, जेवली, आत गेली, दार लावलं. मी पलंगावर पडलो होतो. आणि भिंतीतून आवाज आला.

आधी कळेना काय आहे. वाटलं, यंत्रातच काही बिघाड. मग कळलं. तोंडात ओढणी कोंबून कोणी रडावं तसा.

स्वयंपाकघरात गेलो. मालनला विचारलं, "कधीपासून?"

ती भांडी घासायची थांबली. "चाचणी झाल्यापासून. रोज ह्याच वेळाक." मग म्हणाली, "मी म्हटलंय तिका, बाहेर ये, माझ्या कुशीत रड. तर म्हणता कशी, नको आजी, हयसर बरा. आजोबांका ऐकूक येना नाय."

मी भिंतीला लागून झोपायचो आणि ती भिंतीला लागून रडायची. अकरा दिवस. आणि मी इथे लिहून ठेवलं की पोरगी कणखर आहे.

काय करावं सुचेना. दार वाजवून काय सांगणार? चुकलो म्हणणार? चूक तर कापतानाच झाली होती. गॅलरीत गेलो. तो तुकडा उभा होता. उचलवला नाही, ओढत ओढत आणला तिच्या दारापाशी. फरशीवर त्याने किती कर्कश आवाज केला! मालन बघत उभी राहिली. मोगरी घेतली. तुकडा उभा धरला, डावा तळवा टेकवला आणि ठोका मारला.

बावीस वर्षांपूर्वी वखारीत ऐकला होता तो आवाज. तसाच्या तसा. लांब गेला, वर चढला, आणि भिंतीत बराच वेळ राहिला. त्याच्या शेजारी खाली बसलो आणि म्हातारा माणूस रडतो तसा रडायला लागलो, मोठ्याने, लाज न बाळगता.

आतलं रडणं थांबलं. कडी निघाली, तीही ऐकू आली. दीप्ती दारात, डोळे सुजलेले, ओढणी हातात. माझ्या कानांकडे बघितलं.

"चुकलो गं पोरी," म्हटलं. "तुझं वर्ष घालवलं मी. चांगला होता तो. सगळे सांगत होते."

ती पुढे आली, माझ्या समोर जमिनीवर बसली, आणि एक हात त्या लाकडावर ठेवला, मी ठेवला होता तसा.

"परत वाजवा," म्हणाली.